पाळक आणि अध्यापक डीट्रिख बोनहॉफर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डीट्रिख बोनहॉफर या जर्मन पाळकाचं नाव निघालं की बहुतेकांना आधी हिटलरविरुद्धचा कट आठवतो, मग फाशी. आमच्या मंडळीच्या अभ्यासगटातही प्रश्न तिथूनच सुरू होतात. पण एकोणचाळीस वर्षांच्या आयुष्यात या माणसाने रोज उठून जे काम केलं ते शिकवण्याचं आणि पाळकाचं होतं. फाशीकडून मागे वाचत गेलं की ते काम दिसेनासं होतं, म्हणून इथली उत्तरं मी कामाच्या बाजूने लिहिली आहेत. फाशी येईल, तिच्या जागी.

नावाचा उच्चार नेमका काय?

पहिल्या नावातलं शेवटचं अक्षर 'श' आणि 'ख' यांच्या मधलं आहे. डीट्रिश म्हणा किंवा डीट्रिख, दोन्ही चालतील, 'डिट्रिच' मात्र नाही. आडनाव मराठीत बॉनहॉफर, बोनहोफर असंही लिहिलेलं दिसतं. माणूस एकच.

घरात पाळकपणाची परंपरा होती का?

आईकडून होती. आई पाऊला यांचे आजोबा कार्ल फॉन हासे हे थिऑलॉजीचे, म्हणजे ख्रिस्ती ईश्वरशास्त्राचे, नावाजलेले प्राध्यापक होते. वडील कार्ल बोनहॉफर मात्र मनोविकारतज्ज्ञ, बर्लिन विद्यापीठातले मोठे डॉक्टर, आणि घरातलं वातावरण विज्ञानाचं. डीट्रिख आणि त्यांची जुळी बहीण सबीने यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९०६ रोजी ब्रेस्लाऊ इथे झाला. हे शहर आता पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव व्रोत्सवाफ. आठ भावंडांत ही दोघं सहावी-सातवी. कुटुंब १९१२ मध्ये बर्लिनला आलं. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, भाऊ वाल्टर गेला आणि आई पुढे कित्येक महिने सावरली नाही. बारा वर्षांच्या डीट्रिखने हे सगळं पाहिलं.

चौदाव्या वर्षाच्या सुमारास मुलाने 'मी थिऑलॉजी शिकणार' असं जाहीर केलं तेव्हा थोरल्या भावांना ते पटलं नाही. चर्च ही दुबळी, कोती संस्था आहे, तिथे आयुष्य कशाला घालवतोस, असं त्यांचं म्हणणं. तसं असेल तर मी ती सुधारीन, असं उत्तर त्यांना मिळालं. पोरवयातलं बोलणं, पण पुढे त्यांनी ते खरंच मनावर घेतलं.

जर्मनीत पाळक कसं होतात? आणि थिऑलॉजीचा प्राध्यापक?

पाळक व्हायचं तर विद्यापीठात थिऑलॉजी शिकायची, त्यासाठी हिब्रू, ग्रीक, लॅटिन या भाषा हव्यात. मग चर्चची पहिली परीक्षा, एखाद्या मंडळीत उमेदवारी, दुसरी परीक्षा आणि शेवटी पाळकपदाची दीक्षा. विद्यापीठात शिकवायचं तर डॉक्टरेट, आणि डॉक्टरेटनंतर आणखी एक मोठा प्रबंध. तो मान्य झाला की व्याख्यानं देण्याचा परवाना मिळतो.

बोनहॉफर या दोन्ही वाटा एकाच वेळी चालले. ट्यूबिंगेनमध्ये एक वर्ष, मग बर्लिन, जिथे आडोल्फ फॉन हारनाक यांच्यासारखे शिक्षक होते. डिसेंबर १९२७ मध्ये, एकविसाव्या वर्षी डॉक्टरेट. विषय होता चर्च हा माणसांचा समाज म्हणून नेमका काय आहे. १९२८ मध्ये बार्सिलोनातल्या जर्मन मंडळीत वर्षभर उमेदवारी. १९३० मध्ये दुसरा प्रबंध. इतकं सगळं होऊनही दीक्षा मिळेना, कारण तिला वयाची पंचवीस वर्षं पूर्ण लागत. ती १५ नोव्हेंबर १९३१ रोजी बर्लिनच्या सेंट मॅथ्यू चर्चमध्ये झाली.

मग ते प्राध्यापक होते की नाही?

काटेकोर अर्थाने नाही. लेखांमध्ये 'प्रोफेसर बोनहॉफर' असं सर्रास वाचायला मिळतं, पण बर्लिन विद्यापीठात त्यांची जागा 'प्रिवाटडोत्सेंट'ची होती: शिकवण्याचा हक्क आहे, अध्यासन नाही, कायम पगार नाही, विद्यार्थी जे शुल्क भरतील त्यातून मिळेल ते. अध्यासन मिळण्याआधीच त्यांचं विद्यापीठातलं शिकवणं संपलं.

ते कसं संपलं हे सांगण्यासारखं आहे. १९३६ च्या सुरुवातीला त्यांनी आपल्या पाळक-विद्यार्थ्यांना अभ्यासदौऱ्यावर स्वीडनला नेलं. सरकारधार्जिण्या चर्चच्या परराष्ट्र खात्याचे बिशप भडकले आणि हा माणूस शांततावादी आहे, राज्याचा शत्रू आहे, असं त्यांनी वर कळवलं. ५ ऑगस्ट १९३६ रोजी शिकवण्याचा परवाना रद्द झाला. वय तीस.

लूथरन म्हणजे कोण? आपल्याकडे आहेत का?

सोळाव्या शतकात मार्टिन लूथर यांच्या सुधारणेतून जी मंडळी उभी राहिली ती. कृपेनेच तारण, विश्वासानेच नीतिमान ठरणं आणि पवित्र शास्त्राचा अधिकार हा त्यांचा गाभा. भारतात लूथरन मंडळ्या मुख्यतः तामिळनाडू, आंध्र, झारखंड या भागांत आहेत. अहमदनगर-पुण्याकडच्या प्रोटेस्टंट घरांतून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया किंवा मेथडिस्ट हीच नावं जास्त ऐकू येतात, म्हणून हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो.

एक बारकावा. बोनहॉफर ज्या प्रशियन चर्चचे पाळक होते त्यात १८१७ पासून लूथरन आणि रिफॉर्म्ड अशा दोन्ही परंपरा राजाज्ञेने एकत्र आणलेल्या होत्या. विचाराने आणि घडणीने ते लूथरन, पण त्यांच्या कागदोपत्री चर्चचं नाव संयुक्त चर्च.

अमेरिकेत त्यांना काय मिळालं?

१९३०–३१ मध्ये ते न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत शिष्यवृत्तीवर होते. तिथल्या वर्गातली थिऑलॉजी त्यांना उथळ वाटली. ती कसर हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत भरून निघाली. फ्रँक फिशर या कृष्णवर्णीय सहाध्यायाने त्यांना ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चमध्ये नेलं आणि पुढे ते तिथे नियमाने जात राहिले, रविवारशाळेत मुलांना शिकवू लागले. वर्णभेदाखाली राहणाऱ्या लोकांची उपासना त्यांनी आतून पाहिली. परतताना कृष्णवर्णीयांच्या भक्तिगीतांच्या ध्वनिमुद्रिका सोबत आणल्या. त्या पुढे जर्मन विद्यार्थ्यांनी ऐकल्या तेव्हा त्यांना हे संगीत अगदीच नवं होतं.

पाळक म्हणून त्यांचं पहिलं खरं काम कोणतं?

माझं उत्तर: बर्लिनच्या झायन चर्चमधला कन्फर्मेशनचा, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या तयारीचा, वर्ग. साल १९३१ संपत आलेलं. वस्ती कामगारांची, घरोघरी बेकारी, आणि वर्गात चाळीस-पन्नास पोरं. आधीचे वृद्ध पाळक त्यांच्यापुढे हात टेकून बसले होते.

पहिल्या दिवशी ते बोनहॉफरना घेऊन जिना चढू लागले तर वरच्या कठड्यावरून पोरांनी दोघांच्या डोक्यावर कचरा टाकला. ओळख करून देताना नाव नीट ऐकूही न घेता सगळा वर्ग 'बोन! बोन! बोन!' असा घोष करू लागला. वृद्ध पाळक कपाळाला हात लावून निघून गेले. बोनहॉफर खिशात हात घालून भिंतीला टेकून उभे राहिले. काही मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग अगदी हळू आवाजात, जेमतेम पहिल्या रांगेला ऐकू जाईल इतक्या हळू, ते हार्लेमच्या गोष्टी सांगू लागले. मागचे गप्प झाले, कारण पुढच्यांना काय कळतंय ते त्यांनाही हवं होतं. गोष्ट अर्धी सोडून त्यांनी उरलेली पुढच्या वेळी असं सांगितलं.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. त्यांनी त्याच वस्तीत खोली भाड्याने घेतली आणि मुलांना कधीही यायची मुभा दिली. घरोघरी जाऊन आईबापांना भेटले. आठवड्याच्या वर्गापेक्षा या भेटींतच आपण पाळकपण शिकतोय असं त्यांना वाटे, आणि विद्यापीठात एवढं शिकून या घरांत काय बोलावं हे आपल्याला कळत नाही, याची बोचही होती. मार्च १९३२ मध्ये कन्फर्मेशन जवळ आलं तेव्हा बऱ्याच मुलांकडे सूट नव्हते. बोनहॉफर यांनी कापडाचा मोठा तागा विकत घेतला आणि प्रत्येकाला पुरेल एवढं कापड त्यातून कापून दिलं.

एकीकडे विद्यापीठात थिऑलॉजीवर व्याख्यान आणि दुसरीकडे ही पोरं. विद्यापीठातला शिक्षक वेळ काढून समाजसेवा करत होता, असं मला यात दिसत नाही. चर्च म्हणजे काय हा प्रश्न प्रबंधात मांडला होता, तोच त्या जिन्यावर पुन्हा समोर आला.

१९३३ मध्ये नेमकं काय बिघडलं?

३० जानेवारीला हिटलर चॅन्सलर झाला. १ फेब्रुवारीला बोनहॉफर रेडिओवर तरुण पिढी आणि 'नेता' ही कल्पना यावर बोलत होते. जो नेता स्वतःला दैवत बनू देतो तो लोकांना भरकटवतो, असा त्यांचा रोख होता. शेवटची वाक्यं होण्याआधीच प्रक्षेपण तुटलं. कोणी तोडलं ते कधी सिद्ध झालं नाही.

७ एप्रिलच्या कायद्याने ज्यू वंशाच्या लोकांना सरकारी नोकरीतून काढण्यात आलं. 'जर्मन ख्रिस्ती' म्हणवणाऱ्या नाझीवादी गटाला हाच नियम चर्चला लावायचा होता. म्हणजे बाप्तिस्मा झालेला, दीक्षा मिळालेला पाळकही आजोबा ज्यू होते म्हणून बाहेर. बोनहॉफर यांचे जिवलग मित्र फ्रान्झ हिल्डेब्रांट हे असेच पाळक होते. जुलैच्या चर्च निवडणुकीत 'जर्मन ख्रिस्ती' प्रचंड बहुमताने जिंकले. त्याविरुद्ध मार्टिन नीमोलर यांच्या पुढाकाराने पाळकांची संघटना झाली आणि तिच्यातून पुढे कन्फेसिंग चर्च, म्हणजे विश्वास उघडपणे कबूल करणारं चर्च, उभं राहिलं. मे १९३४ मधलं बार्मेनचं घोषणापत्र हा त्याचा पाया.

ज्यूंविषयी त्यांची भूमिका पहिल्यापासून स्वच्छ होती का?

नव्हती, आणि हे लपवून त्यांचा मान वाढत नाही. एप्रिल १९३३ मध्ये त्यांनी चर्च आणि ज्यू प्रश्न यावर निबंध लिहिला. राज्य अन्याय करत असेल तर चर्चने त्याला जाब विचारावा, बळींना मदत करावी, मग ते बळी ख्रिस्ती असोत वा नसोत, आणि वेळ आली तर चाकाखाली चिरडलेल्यांना मलमपट्टी करण्यापुरतं न थांबता ते चाकच अडवावं, असं त्यात आहे. हे लिहिणारे जर्मन पाळक तेव्हा फार थोडे होते. पण त्याच निबंधात ज्यूंवर शापाचं ओझं आहे ही जुनी ख्रिस्ती समजूतही आहे.

त्याच महिन्यात बहीण सबीनेचे सासरे वारले. ते ज्यू होते, बाप्तिस्मा झालेला नव्हता. अंत्यविधीच्या वेळी बोलशील का असं कुटुंबाने विचारलं. बोनहॉफर यांनी वरिष्ठांचा सल्ला घेतला आणि नाही म्हटलं. काही महिन्यांनी त्यांनी बहिणीला आणि मेहुण्यांना पत्र लिहून क्षमा मागितली. आपण तेव्हा इतके कसे भ्यालो हे आता समजत नाही, असा त्याचा आशय आहे. मी हे पत्र त्यांच्या कारकिर्दीतल्या कुठल्याही प्रवचनाइतकं महत्त्वाचं मानते. पुढच्या दहा वर्षांत ते ज्या वाटेने गेले तिची सुरुवात या शरमेत आहे.

लंडनला ते पळून गेले होते का?

स्विस थिऑलॉजियन कार्ल बार्थ यांना तसंच वाटलं. मिळेल त्या बोटीने परत या, असं त्यांनी रागावून लिहिलं. ऑक्टोबर १९३३ ते एप्रिल १९३५ बोनहॉफर लंडनमध्ये दोन छोट्या जर्मन मंडळ्यांचे पाळक होते, एक सिडनहॅमला आणि एक पूर्व लंडनमध्ये. दर रविवारी दोन उपासना, घर थंडगार, आणि जर्मनीतून येणारे निर्वासित दाराशी. इथेच चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांच्याशी त्यांची मैत्री झाली. जर्मन चर्चमध्ये काय चाललंय हे बाहेरच्या जगाला बेल यांच्यामार्फत कळू लागलं. याला मी पळणं म्हणणार नाही.

गांधीजींशी त्यांचा पत्रव्यवहार झाला होता हे खरं?

खरं आहे, आणि आपल्या वाचकांनी इथे जरा थांबावं.

भारत पाहा, हे त्यांना पहिल्यांदा आजीने सुचवलं होतं, १९२८ मध्ये. या यूली आजी म्हणजे खमकी बाई. १ एप्रिल १९३३ रोजी नाझींनी ज्यू दुकानांवर बहिष्कार पुकारला तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या आजी पहारेकऱ्यांच्या रांगेतून सरळ आत गेल्या आणि खरेदी करून आल्या. त्यांनाच नातवाने लंडनहून लिहिलं की आपल्या अख्ख्या राइख चर्चपेक्षा (नाझीधार्जिण्या राष्ट्रीय चर्चपेक्षा) कदाचित तिकडच्या 'अन्यधर्मीयां'तच जास्त ख्रिस्तीपण असेल.

त्यांना गांधीजींकडून हवं तरी काय होतं? येशूचं डोंगरावरील प्रवचन जगून दाखवणारा समाज कसा उभा करायचा, आणि शस्त्राविना अन्यायाला तोंड कसं द्यायचं. नाझींपुढे जर्मन चर्च या दोन्ही गोष्टींत तोकडं पडत होतं. ऑक्टोबर १९३४ मध्ये त्यांनी गांधीजींना पत्र लिहिलं, बेल यांनीही शिफारस केली. गांधीजींचा मुक्काम तेव्हा बहुतकरून वर्ध्याला असे. १ नोव्हेंबर १९३४ चं त्यांचं उत्तर अगदी त्यांच्या धाटणीचं आहे: परतीच्या भाड्याचे पैसे असू द्या, इथल्या खर्चाला माणशी महिना शंभरेक रुपये धरा, लवकर आलात तर थंडीचे दिवस मिळतील. मी तुरुंगाबाहेर आणि एका जागी असेन तर माझ्याबरोबर राहाल, नाहीतर आमच्या एखाद्या संस्थेत. आश्रमाचं साधं शाकाहारी जेवण चालत असेल तर राहण्याजेवण्याचं काही द्यावं लागणार नाही.

ते आले नाहीत. कन्फेसिंग चर्चने त्यांना पाळक घडवायला परत बोलावलं आणि त्यांनी ते बोलावणं घेतलं. वर्ध्याच्या उन्हात, ताटात भाकरी आणि उकडलेली भाजी घेऊन बसलेला हा उंच जर्मन पाळक मी कितीदा तरी डोळ्यांसमोर आणला आहे.

फिंकेनवाल्डे म्हणजे काय?

त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम, असं मी निःशंकपणे म्हणेन. एप्रिल १९३५ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावर झिंग्स्ट इथे आणि मग उन्हाळ्यात श्टेटीनजवळच्या फिंकेनवाल्डे गावात एक सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी शाळा, सुरू झाली. पहिल्या तुकडीत वीस-पंचवीस तरुण. सरकारी चर्चचा पाठिंबा नाही, पुढे नोकरीची खात्री नाही, सामानसुमान लोकांनी दिलेलं.

दिवसाची सुरुवात आणि शेवट सामुदायिक उपासनेने होई, तीत स्तोत्रं मोठ्याने वाचली जात. सकाळी अर्धा तास प्रत्येकाने एकट्याने, गप्प बसून, आठवडाभर एकाच उताऱ्यावर मनन करायचं. विद्यार्थी वैतागले. नुसतं बसून काय करायचं, मन भटकतं, झोप येते. बोनहॉफर यांनी नियम सोडला नाही. दुसरा एक नियम असा: जो बंधू समोर नाही त्याच्याविषयी बोलायचं नाही, आणि बोललंच गेलं तर नंतर त्याला जाऊन सांगायचं. माझ्या मते मनन त्या मानाने सोपं. कुठल्याही मंडळीच्या कमिटीत हा नियम आठवडाभर पाळून पाहावा.

सुरुवातीच्या दिवसांतली एक गोष्ट. स्वयंपाकघरातून मदतीला कोणीतरी या असा निरोप आला. कोणीच उठेना. बोनहॉफर काही न बोलता उठले आणि आत गेले. ओशाळलेले विद्यार्थी मागोमाग धावले तर दार आतून बंद. भांडी घासून झाल्यावर ते बाहेर आले आणि त्याबद्दल अवाक्षरही काढलं नाही.

खेळ, गाणं, पियानो हेही भरपूर असे. पण शिस्त मठासारखी आहे, हे लूथरन नव्हे, अशी टीका झाली. बोनहॉफर यांचं म्हणणं होतं की उद्या एकट्याने, दडपणाखाली, एखाद्या दूरच्या गावी उभं राहायचंय त्याला आज एकत्र जगण्याची सवय हवी. ते खरं ठरलं. ऑगस्ट १९३७ मध्ये नाझी पोलीसप्रमुख हिमलरच्या हुकमाने अशा सेमिनऱ्या बेकायदा ठरल्या, थोड्याच आठवड्यांत गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, दाराला टाळं लावलं, आणि वर्ष संपेपर्यंत फिंकेनवाल्डेच्या सत्तावीस माजी विद्यार्थ्यांनी तुरुंग पाहिला होता. तरी शिकवणं थांबलं नाही. दोन-तीन ठिकाणी विद्यार्थ्यांची नोंद स्थानिक मंडळ्यांचे उमेदवार म्हणून करायची आणि वर्ग लपून चालवायचा, असं मार्च १९४० पर्यंत चाललं.

'स्वस्त कृपा' म्हणजे काय?

१९३७ मध्ये आलेल्या 'नाखफोल्गे' या पुस्तकातला शब्द. जर्मन शब्दाचा अर्थ कोणाच्या तरी मागोमाग जाणं. आपल्या पवित्र शास्त्रात येशू जकात घेणाऱ्याला 'माझ्यामागे ये' म्हणतो ना, तेच. मार्टिन लूथर यांनी कृपा फुकट आहे असं शिकवलं. चारशे वर्षांत लोकांनी त्याचा अर्थ लावला की मग काही बदलायला नको. बाप्तिस्मा झाला, प्रभुभोजन घेतलं, पापक्षमा मिळाली, सोमवारपासून पुन्हा तेच. ही स्वस्त कृपा. खरी कृपा मोलाची, कारण ती माणसाला उठवून चालायला लावते. लूथरन शिक्षकाने लूथरन घरातच बोट ठेवलं म्हणून ते इतकं झोंबलं.

१९३९ मध्ये अमेरिकेत सुखरूप असताना ते परत का आले?

मित्रांनी त्यांना वाचवण्यासाठीच न्यूयॉर्कला बोलावलं होतं. जूनच्या मध्याला पोहोचले आणि पहिल्या दिवसापासून चैन पडेना. डायरीत घालमेल लिहिलेली आहे. एके दिवशी वाचनात तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातली ओळ आली, हिवाळ्यापूर्वी ये, अशी विनंती करणारी. ती दिवसभर डोक्यातून गेली नाही. या काळातलं संकट मी माझ्या लोकांबरोबर सोसलं नाही तर युद्धानंतर जर्मनीतलं ख्रिस्ती जीवन उभारायला मला हक्क राहणार नाही, अशा आशयाचं पत्र त्यांनी अमेरिकन थिऑलॉजियन रायनहोल्ड नीबूर यांना लिहिलं आणि ७ जुलैच्या रात्री बोटीत बसले. जेमतेम चार आठवडे.

शांततावादी पाळक कटात कसा गेला?

मेहुणे हान्स फॉन दोनानी लष्करी हेरखात्यात होते आणि तिथेच हिटलरविरोधी गट होता. बोनहॉफर यांना १९४० मध्ये भाषणबंदी झाली, पुढच्या वर्षी लेखनबंदी. दोनानींनी त्यांना खात्यात घेतलं. बाहेरून ते सरकारी काम, आतून कटाचे निरोप परदेशी चर्चपुढाऱ्यांपर्यंत नेणं. १९४२ मध्ये स्वीडनमधल्या सिग्टुना इथे त्यांनी बिशप बेल यांना कटातल्या लोकांची नावं दिली, ब्रिटिश सरकारपर्यंत पोहोचवण्यासाठी. त्याच वर्षी या गटाने हेरखात्याचे एजंट असल्याचं भासवून चौदा जणांना स्वित्झर्लंडला सुखरूप काढलं. त्यांतले बहुतेक ज्यू वंशाचे होते.

बाँब त्यांनी ठेवला नाही, ठेवण्याची योजनाही आखली नाही. पण जे ठेवणार होते त्यांच्याबरोबर ते जाणूनबुजून उभे राहिले. हे पुण्यकर्म आहे असा दावा त्यांनी कधी केला नाही. मारणं पापच आहे, आणि काही वेळा जबाबदार माणसाला ते ओझं स्वतःवर घेऊन देवाच्या कृपेवर सोपवावं लागतं, असा त्यांचा विचार होता. आज कुठल्याही पक्षाचे लोक आपल्या रागाला त्यांचं नाव देतात ते मला फार खटकतं.

त्यांचं लग्न झालं होतं का?

नाही. जानेवारी १९४३ मध्ये मारिया फॉन वेडेमायर यांच्याशी वाङ्निश्चय झाला. पाऊणतीन महिन्यांत अटक झाली. पुढच्या भेटी तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत.

तुरुंगातही ते पाळकच राहिले का?

५ एप्रिल १९४३ पासून दीड वर्ष ते बर्लिनमधल्या टेगेलच्या लष्करी तुरुंगात होते. पहिल्या रात्री घोंगड्यांना इतकी घाण येत होती की थंडी असूनही ती अंगावर घेता आली नाहीत. पुढे पहारेकरीच बॉम्बहल्ल्याच्या रात्री त्यांच्याजवळ येऊन बसू लागले. सहकैद्यांसाठी त्यांनी प्रार्थना लिहिल्या, जखमींना मदत केली. मामा पाउल फॉन हासे बर्लिनचे लष्करी कमांडंट आहेत हे कळल्यावर अधिकाऱ्यांचं वागणं एकदम मवाळ झालं, त्याची त्यांना लाज वाटली. एक पहारेकरी त्यांना पळवून न्यायलाही तयार झाला. तयारी झाली होती, पण १९४४ च्या शरदात भाऊ क्लाउस पकडला गेला आणि घरच्यांवर सूड नको म्हणून बोनहॉफर यांनी बेत सोडला.

'धर्माविना ख्रिस्तीपण' असं ते म्हणाले, म्हणजे शेवटी विश्वास सुटला का?

नाही. ज्या पत्रांत ते हा शब्द वापरतात त्याच पत्रांत स्तोत्रं आणि गीतांच्या ओळी आहेत. आपल्याला न सुचणाऱ्या उत्तरांच्या फटी बुजवण्यासाठी देव आणायचा, हे त्यांना नको होतं. आयुष्याच्या मधोमध, धडधाकट माणसाच्या आनंदात आणि कामात ख्रिस्त कुठे आहे, हा त्यांचा प्रश्न होता. विचार अर्धा राहिला. त्यावर अख्खे पंथ उभारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

शेवटच्या दिवशी काय झालं?

८ एप्रिल १९४५, ईस्टरनंतरचा पहिला रविवार. बव्हेरियातल्या श्यॉनबर्ग गावच्या शाळेत वेगवेगळ्या देशांचे कैदी कोंडलेले होते. उपासना घ्या असा आग्रह झाला. बोनहॉफर संकोचले, कारण बरेच जण कॅथलिक होते आणि एक रशियन अधिकारी नास्तिक. त्या रशियनाची हरकत नाही असं कळल्यावरच त्यांनी यशया ५३ मधल्या, त्याच्या जखमांनी आपण बरे झालो, या वचनावर थोडं सांगितलं. शेवटची प्रार्थना संपते न संपते तोच दोन माणसं दारात आली. रात्री फ्लोसेनबुर्गच्या छावणीत नावापुरतं न्यायालय बसलं आणि ९ एप्रिलला पहाटे फाशी. छावणीच्या डॉक्टराने त्या क्षणाचं भाविक वर्णन बऱ्याच वर्षांनी लिहिलं, त्यावर अभ्यासक शंका घेतात, म्हणून मी ते देत नाही. क्लाउस, दोनानी आणि आणखी एक मेहुणे रुडिगर श्लाइखर हेही त्याच महिन्यात मारले गेले. म्हाताऱ्या आईवडिलांना डीट्रिख गेल्याचं जुलैमध्ये कळलं. त्या महिन्याच्या अखेरीला लंडनमधल्या स्मरणउपासनेचं प्रक्षेपण बीबीसीवरून झालं.

सुरुवात कुठल्या पुस्तकापासून करावी?

'एकत्र जगणं' असा ज्याच्या नावाचा अर्थ आहे त्या छोट्या पुस्तकापासून. ते १९३८ मध्ये सुमारे चार आठवड्यांत लिहिलं आणि त्यात फिंकेनवाल्डेचा सगळा अनुभव आहे. मग तुरुंगातली पत्रं. 'नाखफोल्गे' तिसरं. दोन्ही प्रबंध शेवटी, आणि सोबत कोणी जाणकार असेल तरच.

त्यांची तुरुंगातली पत्रं टिकली कशी?

एबरहार्ड बेटगे यांच्यामुळे. झिंग्स्टच्या पहिल्या तुकडीतला हा विद्यार्थी पुढे त्यांचा सर्वांत जवळचा मित्र झाला, बहिणीच्या मुलीशी लग्न करून नात्यातही आला. महत्त्वाची पत्रं गॅस मास्कच्या डब्यांत घालून बर्लिनमध्ये श्लाइखर कुटुंबाच्या बागेत पुरून ठेवली होती. ऑक्टोबर १९४४ मध्ये बेटगेंनाही अटक होणार असं दिसलं तेव्हा जवळची अगदी शेवटची पत्रं त्यांना जाळावी लागली. उरलेली १९५१ मध्ये छापली गेली.

बर्लिनला गेलो तर काही पाहायला मिळेल का?

मारियेनबुर्गर आले ४३ हे आईवडिलांचं घर आता स्मृतिस्थान आहे. आधी वेळ ठरवून जावं लागतं. वरच्या मजल्यावर त्यांची खोली, टेबल आणि पुस्तकांची कपाटं आहेत. शेजारचं ४२ क्रमांकाचं घर बहीण उर्सुला श्लाइखर यांचं. ५ एप्रिल १९४३ च्या दुपारी बोनहॉफर यांनी दोनानींच्या घरी फोन केला तर अनोळखी पुरुषाचा आवाज आला. झडती चालू आहे हे त्यांनी ओळखलं. शेजारी जाऊन उर्सुलाला सांगितलं, तिने भरपेट जेवायला वाढलं. मग स्वतःच्या खोलीत जाऊन टेबलावरचे कागद नीट लावले, पुन्हा बहिणीकडे येऊन बसले. चारच्या सुमाराला वडील आले आणि म्हणाले, वर तुझ्या खोलीत दोन माणसं तुझी वाट बघतायत.